झोपेची रक्ततपासणी असते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सकाळी रक्त दिलं आणि संध्याकाळी झोपेचा आजार कळला, अशी तपासणी अजून नाही. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं यांसाठी आजही स्लीप स्टडीच (रात्रभर झोपेची यंत्रांवर नोंद) करावी लागते. पण काही मोजक्या आजारांत एखादा रेणू मोजून पक्कं उत्तर मिळतं. तो कशात मोजायचा आणि किती वाजता, हे मात्र चुकता कामा नये.

नार्कोलेप्सीत दिवसा अनावर झोप येते, खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळच जातं. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन (त्यालाच हायपोक्रेटिनही म्हणतात) 1998 मध्ये सापडलं. 2000 मध्ये 9 रुग्णांच्या मणक्यातलं पाणी तपासलं, तर 7 जणांत ओरेक्सिन मोजण्याइतकंही नव्हतं. आज मिलिलिटरमागे 110 पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी आलं, तर टाइप 1 नार्कोलेप्सीचा भक्कम पुरावा मानतात. रक्तातल्या ओरेक्सिनवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ते पाणी काढायला कमरेत सुई घालावी लागते. एचएलए या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकाचा एक ठरावीक प्रकार या रुग्णांत जवळपास नेहमी आढळतो. पण तो शांत झोपणाऱ्या कितीतरी लोकांतही असतो, त्यामुळे नुसत्या त्या रिपोर्टवर निदान करू नये.

रात्री दोनशिवाय झोपच न येणाऱ्यांसाठी लाळेतलं मेलाटोनिन (रात्र झाली की मेंदूतून सुटणारं झोपेचं संप्रेरक) मोजतात. एकाच नमुन्याचा काही उपयोग नाही. कुणाचं मेलाटोनिन मुळातच जास्त असतं, कुणाचं कमी. बघायचं असतं ते चढायला कधी लागतं. रोज रात्री एक वाजता झोपणाऱ्याचे नमुने संध्याकाळी 7 पासून रात्री 2 पर्यंत, दर अर्ध्या तासाने घ्यायचे, म्हणजे 15 नळ्या. कापसाचा बोळा तोंडात घोळवून नळीत टाकायचा, वर वेळ लिहायची, लगेच फ्रीजमध्ये. लाळेत मिलिलिटरमागे 3 पिकोग्रॅमची रेघ ज्या वेळी ओलांडली जाते, ती शरीराची संध्याकाळ. बहुतेकांत ती झोपेआधी दोन-तीन तास येते.

बिघडतं ते घरात. खोलीत 10 लक्सहून (लक्स हे उजेडाचं माप) कमी उजेड हवा. कुणी ट्यूबलाइट लावली की मेलाटोनिन दबतं आणि वेळ खोटी उशिरा दिसते. आयब्युप्रोफेन आणि बीटा-ब्लॉकरही ते दाबतात (डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका). नमुन्याआधी दात घासू नका: हिरडीतून रक्त आलं तर आकडा फुगतो, कारण लाळेपेक्षा रक्तात मेलाटोनिन कितीतरी जास्त असतं. लाळ गुलाबी दिसली तर ती नळी बाद. पाच-दहा मिनिटं आधीपासून बसून राहा.

आणि एक साधी रक्ततपासणी, जी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अंथरुणाला पाठ टेकली की पायांत कसंतरी होतं, हलवले की बरं वाटतं, अशी तक्रार (रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम) असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, बघा. रिपोर्टवर 20 हा आकडा 'नॉर्मल' छापून येतो आणि विषय तिथेच संपतो. या आजारात मात्र 75 किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्या. आदल्या दिवशी लोहाची गोळी नको. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) करून घ्या. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन वर जातं आणि कमतरता झाकली जाते, म्हणून नुकतंच आजारपण झालं असेल तर थोडे दिवस थांबून मगच नमुना द्या.