गेटला लटकलेलं दूध

नागपुरात मी भाडेकरू आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळेच झाली. गाव माझं वणीकडचं, नोकरी मिहानमध्ये, आणि मानेवाडा रोडच्या आत एका लेआउटमध्ये वरच्या मजल्यावर एक खोली. घरमालक पुण्यात राहतात. रूममेट मार्चमध्ये, म्हणजे २०२१ च्या मार्चमध्ये नागपुरात १५ ते २१ चा तो कडक लॉकडाऊन लागला ना, त्याच्या आदल्या दिवशीच घरी पळाली. मी म्हणलं आपलं तर वर्क फ्रॉम होम आहे, आपल्याला काय होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताप आला. कोविडच्या टेस्टला उन्हात दोन तास रांगेत उभी राहिले आणि रिपोर्ट तीन दिवसांनी आला, पण तोवर खाल्लेलं मातीसारखं लागत होतं त्यामुळे रिपोर्टची गरजच नव्हती. घरी सांगितलं नाही. सांगून काय, आई एसटी पकडून निघाली असती.

मदत शोधायची म्हणून मी तेच केलं जे तेव्हा सगळेच करत होते. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या याद्या काढल्या, घरपोच डबा, औषधं, ऑक्सिजन, खाली "व्हेरिफाइड" आणि हिरवी टिकली. चौदा नंबर लावले. काही बंद, काही सतत बिझी, एक चक्क रायपूरचा निघाला आणि एकाने उचलला तर तो बिचारा म्हणे ताई मी फर्निचरवाला आहे, माझा नंबर कोणी टाकला माहीत नाही, सकाळपासून लोक रडून राहिले फोनवर. तेव्हापासून मी स्वतः लावून पाहिल्याशिवाय एकही नंबर पुढे ढकलत नाही, आणि जो ढकलतो त्याला तोंडावर बोलते, मग तो मामा असो की बॉस.

आमच्या लेआउटचा ग्रुप होता की. डबे, औषधं, कोणाला सीटी स्कॅनला न्यायचं, सगळं त्याच्यावर जोरात सुरू होतं. फक्त ग्रुपचं नाव होतं "प्लॉटधारक" आणि माझ्याकडे प्लॉट नव्हता. कोणी मुद्दाम वगळलं असं अजिबात नाही, सुचलंच नाही कोणाला. याच लोकांनी २०२० च्या मे महिन्यात हैदराबादकडून पायी येणाऱ्या मजुरांसाठी हायवेवर रोज पुरीभाजी नेली होती, गंजच्या गंज, म्हणजे मोठी पातेली, भरून. मी वरून गॅलरीतून पाहायची. आणि खरं सांगायचं तर मलाही समोरच्या घरातल्या काकूंचं आडनाव माहीत नव्हतं, म्हणजे दोष काही एकतर्फी नाही.

मला शोधलं दूधवाल्या भाऊंनी. गेटला पिशवी बांधलेली असते, त्यात ते सकाळी पाकीट टाकतात. तिसऱ्या दिवशी आले तर आधीची दोन पाकिटं तशीच, फुगून गेलेली. त्यांनी हाक मारली, मला ओ द्यायचं भान नव्हतं, मग त्यांनी समोरच्या काकूंचं गेट वाजवलं. थोड्या वेळाने खालून आवाज, "काउन वं पोरी, दूध काउन नाही घेऊन राहिली? जिती आहेस ना?" मी कशीबशी गॅलरीत आले आणि तिथेच रडायला लागले. काकू म्हणाल्या रडू नको, श्वास लागते. दोरी आहे का?

दोरी नव्हती, ओढण्या होत्या. दोन ओढण्या गाठल्या, त्याला पिशवी, आणि पुढचे अकरा दिवस माझं जेवण असं वर आलं. मुगाची खिचडी, पातळ कढी, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. चव काहीच कळत नव्हती तरी काकू रोज खालून विचारायच्या मीठ बरोबर आहे का आणि मी रोज म्हणायची हो.

पण जेवणापेक्षा मोठा प्रश्न होता कूलरचा. नागपूरच्या बाहेरच्यांना हे समजणार नाही. वर स्लॅब तापलेला, अंगात ताप, आणि कूलरची टाकी भरायला रोज बाथरूममधून चार बादल्या न्याव्या लागतात, माझ्याच्याने तांब्या उचलला जात नव्हता. बिनपाण्याचा कूलर म्हणजे भट्टीचा पंखा. हे बोलता बोलता काकूंना सांगितलं तर बाजूच्या काकांनी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरून हिरवा पाइप सरळ माझ्या गॅलरीत फेकला. तो मी टाकीत सोडायचा, ते तिकडून नळ सुरू करायचे आणि ओरडायचे, "भरला काऽऽ?" मी ताटलीवर चमचा वाजवायची. ओरडायचा दम नव्हता ना.

ऑक्सिमीटर पूर्ण गल्लीत मिळून एक. झिपवाल्या पिशवीत, सोबत सॅनिटायझरची बाटली आणि एक वही, त्यात घर, वेळ, आकडा. गल्लीतल्याच एक डॉक्टर ताई संध्याकाळी ती वही पाहून फोन करायच्या. सहा मिनिटं खोलीत चाल, मग बोट लाव, ९४ च्या खाली गेलं तर रात्री दोनला पण फोन कर, नाहीतर पालथी झोप. मी पालथीच पडून मोबाइलवर पाहिलं होतं, २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपुरात आली ते. त्या दिवशी माझा आकडा ९३ होता. दुसऱ्या दिवशी ९५. त्याच वहीत एका घराचे आकडे ८६ वर थांबलेत, त्या आजोबांना मेयो हॉस्पिटलला नेलं ते परत आले नाहीत.

बरी झाल्यावर काकूंनी मला ग्रुपमध्ये घेतलं आणि मी पहिला मेसेज टाकला, आपल्याकडे भाडेकरू किती? कोणालाच माहीत नाही. मग विचारलं ते दूधवाल्या भाऊंना, कचरागाडीवाल्या दादाला, किराणावाल्याला आणि बंद पडलेल्या मेसच्या मावशीला. दोन दिवसांत १९ खोल्यांची यादी तयार, ती पण किराणावाल्याच्या पुठ्ठ्यावर. त्यातल्या एका खोलीत गडचिरोलीकडची एमपीएससीवाली दोन पोरं निघाली, दोघंही पॉझिटिव्ह आणि पाच दिवसांपासून बिस्किट-चहावर. एका खोलीत तीन नर्स ताई राहायच्या, त्या दिवसभर दुसऱ्यांचे पेशंट सांभाळून रात्री येऊन मॅगी करायच्या. त्यांचा डबा दोन महिने लेआउटमधून गेला.

काकूंचा एक स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिला होता, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. रिकामा कसा द्यायचा म्हणून जूनमध्ये संत्रा बर्फी भरून नेला. काकूंनी झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आता तरी सांग, खिचडीत मीठ होतं का? कारण चार दिवस टाकायचं विसरलीच होती मी."