कुंडीतलं ऑलिव्ह: ताणाच्या टप्प्याची नोंद

आर्बेक्विना आणि कोरोनेइकी या ऑलिव्हच्या दोन जाती, दोन्हींचं पाणी हळूहळू कमी करत आणलंय. एकदम तोडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. जमिनीत मुळांना खोल जायला वाव असतो, त्यामुळे ताण सावकाश चढतो आणि झाड तयारी करतं: पेशींत मॅनिटॉल आणि इतर शर्करा साठवतं, आतला रस दाट करतं आणि त्या जोरावर कोरड्या मातीतूनही पाणी ओढतं. माती पाणी किती घट्ट धरून ठेवते ते मेगापास्कलमध्ये मोजतात, आकडा जितका उणे तितकं पाणी ओढणं अवघड. बहुतेक पिकं साधारण −१.५ मेगापास्कलला हात टेकतात, ऑलिव्ह −२.५ च्या आसपासपर्यंत ओढू शकतं. कुंडीतली माती काही दिवसांत कोरडी ठाक होते. तेवढ्यात ही तयारी होत नाही.

पानं अजून ताठ आहेत. म्हणूनच पानं मलूल होण्याची वाट बघू नये असं माझं ठाम मत झालंय. सगळ्यात आधी थांबला तो शेंडा. नवी पेरं आखूड, नवी पानं बारकी आणि जाड. त्यानंतर पानं उभी व्हायला लागली, दुपारचं ऊन अंगावर कमी घ्यायला लागली, आणि झाड लांबून पांढुरकं दिसू लागलं. आता खालची जुनी पानं पिवळी पडून गळतायत.

भिंगाखाली पानाची मागची बाजू जरूर बघा. छत्रीसारखे चपटे चंदेरी खवले एकमेकांवर दाटीने बसलेले दिसतात. ऑलिव्हची पर्णरंध्रं, म्हणजे वाफ आणि हवा ये-जा करणारी बारीक छिद्रं, फक्त याच बाजूला असतात, या खवल्यांच्या आड, त्यामुळे वारा लागूनही ओल लवकर उडत नाही. वरची बाजू गुळगुळीत, मेणचट, तिथे रंध्रच नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं वजनकाट्याने. मातीतून ओल उडू नये म्हणून कुंडीचं तोंड प्लास्टिकने बांधून सकाळी, दुपारी, संध्याकाळी वजन घेतो; जी घट दिसते ती पानांतून गेलेल्या पाण्याची. भरपूर पाणी होतं तेव्हा दुपारी घट सगळ्यात जास्त असायची. आता बरीचशी घट सकाळीच होते, ऊन तापलं की काटा जवळजवळ हलत नाही. झाड सकाळच्या गारव्यात रंध्रं उघडून काम उरकतं आणि मग दार लावून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. वाढ खुंटते ती यामुळेही.

ज्यांच्या झाडाला फळं आहेत त्यांनी वेळ सांभाळा. फुलोरा आणि फळधारणेच्या वेळी ताण अजिबात नको, फुलं अर्धवट राहतात आणि गळ होते. कोय टणक होत असताना झाड बराच ताण सोसतं, बागायतदार पाणी वाचवतात ते तेव्हाच. तेल भरू लागलं की पुन्हा पाणी हवं.

आता ताण तोडणार आहे, तोही थोडंथोडं पाणी देऊन. पानांत पाणी लवकर परततं, रंध्रं मात्र पूर्ववत उघडायला मागे राहतात. दुपारची घट पुन्हा दिसेपर्यंत खत देणार नाही आणि छाटणीलाही हात लावणार नाही.