ड्रायसूट निवडला लवकर, हातात आला फार उशिरा

लडाखमधल्या झंस्कार नदीवर कयाकिंगला, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी बोट चालवायला, जायचं ठरलं तेव्हा माझ्या गाठीशी काळी नदीचे तीन मोसम होते. गणेशगुडीला सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यात बोट उलटली तरी अंगात हुडहुडी भरत नाही. टी-शर्ट, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घातलं की झालं. लडाखचं तसं नाही. वर ऊन कातडी सोलून काढतं आणि खाली बर्फ वितळून आलेलं पाणी वाहतं. तिकडे जाऊन आलेल्या मैत्रिणीने एवढंच सांगितलं, "ऊन बघून कपडे घेऊ नकोस, पाणी बघून घे."

चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात उतरले आणि वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे घट्ट रबरी सूट, घालून पाहिले. पाच मिलिमीटर जाडीचा, पूर्ण बाह्यांचा अंगात घालून दुकानातच वल्हं मारल्यासारखे हात फिरवले, तर पाच मिनिटांत दंड भरून आले. तीन मिलिमीटरचा बिनबाह्यांचा बरा वाटला, त्यात खांदे मोकळे राहतात. एका दिवसाच्या फेरीला मी तोच घेतला असता. पण नदीकाठी तंबूत राहून, रोज सकाळी तोच ओला गारठलेला सूट अंगावर चढवायचा? म्हणून ड्रायसूट, ज्याच्या आत पाणी शिरतच नाही. माझ्या मापाचा इथे कुठे मिळाला नाही, मग मे महिन्यात परदेशातून मागवला. बायकांनी मागच्या बाजूला वेगळी चेन असलेलाच बघावा, नाहीतर लघवीला जायचं तर नदीकाठच्या वाऱ्यात सगळा सूट उतरवावा लागतो.

पार्सल भारतात आलं आणि विमानतळावरच बसलं.

मेसेज आला: केवायसी अपूर्ण. ऑर्डर देताना मी नाव आणि आडनाव लिहिलं होतं. पॅनवर मध्ये वडिलांचं नाव आहे. गावाचं नाव हाताच्या सवयीने 'बेलगाम' लिहिलं, आधारवर 'बेळगावी'. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी दप्तरात बदललं, पण माझ्या जुन्या पासपोर्टवर अजून बेलगामच आहे आणि घरात आम्ही बेळगावच म्हणतो. दोन्ही गावं एकच, पिनकोड एकच, हे मी तीन वेळा अपलोड केलं आणि तीन वेळा ते परत आलं. कुरिअरच्या इथल्या ऑफिसात चार फेऱ्या झाल्या. कानडी मला चांगलं येतं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. काउंटरवरचा मुलगाही भला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. "नाळे बर्री, मॅडम." म्हणजे उद्या या. उद्या गेलं की पुन्हा तेच. अजून तो शब्द ऐकला की माझं डोकं तापतं.

नावाचा घोळ सुटला, तर दुसरा प्रश्न आला: वस्तू नेमकी काय, कशासाठी, विकायला आणली आहे का? बिलावर नुसतं 'ड्रायसूट' लिहिलेलं. त्या रात्री मी बसून दोन पानी पत्र लिहिलं, आणि त्यात मनातलं सगळं उतरलं. हवेपेक्षा पाणी शरीराची ऊब साधारण पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक-दहा-एक असा हिशेब सांगितला आहे: बर्फाळ पाण्यात पडलं की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, दहा मिनिटांत हात कामातून जातात, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे आधी बोटं जातात, दोर धरता येत नाही. वेटसूट पाण्याचा पातळ थर अंगाशी अडकवतो आणि त्याच्या निओप्रीन रबरातले हवेचे बुडबुडे ऊब धरतात. ड्रायसूट गळ्याच्या आणि मनगटांच्या लॅटेक्स पट्ट्यांनी पाणी बाहेरच ठेवतो. सूट एकच आहे, माझ्या मापाचा आहे, आणि मी तो घालणार आहे.

पत्र दिल्यावर सहाव्या दिवशी कस्टम ड्यूटीचा आकडा आला. भरला. दारात खोकं आलं तेव्हा तेवीस दिवस झाले होते. तुम्ही मागवणार असाल तर नाव पॅनवरचं, गाव आधारवरचं लिहा, बिलावर वस्तूचं पूर्ण वर्णन आणि 'स्वतःच्या वापरासाठी' हे विक्रेत्याकडून लिहून घ्या, आणि हातात दोन महिने ठेवा.

गळ्याची पट्टी इतकी आवळत होती की डोळ्यांपुढे काजवे चमकले. लगेच कात्री लावू नका. मी ती रात्रभर पितळी कळशीवर ताणून ठेवली, सकाळी बरीच सैल झाली. मग चाचणीसाठी येळ्ळूरला मामाच्या विहिरीत उतरले. मामा पायरीवर दोर धरून उभा. "पोरी, पाय वर आले की गं तुझे!" सूटमधली हवा काढायची राहिली होती, ती पायात गेली. चेन लावली की उकिडवं बसायचं, गळ्याची पट्टी बोटाने उघडायची आणि हवा सोडायची. सूट नुसता पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांची. सुती बनियन नको, घामाने भिजलं की गार पडतं. लोकर किंवा फ्लीस घाला. लाइफ जॅकेट वरून लागतंच.

हो, बांगड्या घरी ठेवा, नखं कापा, मनगटाला टाल्कम पावडर लावा. सनस्क्रीन लॅटेक्सला लागू देऊ नका, ते खराब होतं.

झंस्कारवर तिसऱ्या दिवशी माझी बोट उलटली. रोल, म्हणजे आत बसूनच वल्ह्याने बोट परत सुलटी करणं, जमला नाही, बाहेर पडून पोहले. पाणी तोंडावर आदळलं तशी धाप लागली, पण दोर आला तेव्हा बोटांनी तो धरला. काठावर येऊन चेन उघडली तर आतली लोकर कोरडी होती, फक्त डावा हात कोपरापर्यंत ओला. बाहीची कड मनगटाच्या पट्टीखाली अडकून राहिली होती, तिथून पाणी शोषलं गेलं. आता पाण्यात उतरण्याआधी दोन्ही मनगटांवरून बोट फिरवून बघते.