सात आधी ऐकू येतो

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावासाठी, मला नागपुरात इतवारीकडची एक मराठी शाळा मिळाली. वर्ग दुसरीचा. आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मी गेले तेव्हा वर्ग सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. वर्गशिक्षिका मॅडम निवृत्तीला आलेल्या, शांत आवाजाच्या. मुलांनी त्यांना 'मोठ्या मॅडम' आणि मला 'नव्या मॅडम' करून टाकलं.

पहिले आठ दिवस नुसतं निरीक्षण. परिपाठ, हजेरी, खिचडीची रांग, दप्तरातून हरवलेले खोडरबर. मग माझा पहिला पाठ लागला : दशक-एकक, दोन अंकी संख्यांचं वाचन-लेखन. पाठ टाचण मी मन लावून काढलं होतं. एका रकान्यात शिक्षक कृती, दुसऱ्यात विद्यार्थी कृती, तिसऱ्यात फलकलेखन. कार्डशीटचा तक्ता केला, त्याला खिसे चिकटवले, निळ्या पट्ट्या दशकाच्या आणि पिवळ्या एककाच्या. आमच्या अध्यापक विद्यालयातून सर बघायला आले होते. पस्तीस मिनिटांत पाठ पूर्ण झाला. मुलं एका सुरात 'दोन दशक सात एकक, सत्तावीस' म्हणाली. सरांनी निरीक्षण वहीत लिहिलं, 'फलकलेखन सुबक, साहित्याचा वापर योग्य.' त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मी श्रुतलेखन घेतलं, दहा संख्यांचं, आणि वह्या गोळा केल्या. सत्तावीसच्या जागी ७२, पस्तीसच्या जागी ५३, एकोणतीसच्या जागी ३९. एक-दोन वह्यांत नाही, वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या वह्यांत. काल ज्यांनी सुरात उत्तर दिलं होतं तीच ही मुलं. मधल्या सुट्टीत बसून मी सगळ्या वह्या लाल पेनानं तपासल्या. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलाच्या पानावर दहापैकी आठ फुल्या आल्या. वही परत दिल्यावर त्यानं पान पाहिलं, वही मिटली आणि मांडीखाली घालून तिच्यावर बसून राहिला. पुढचे तीन दिवस त्यानं गणिताची वही काढलीच नाही. विचारलं की म्हणायचा, 'घरी रायली.' ती त्याच्या दप्तरात होती, मला दिसत होती.

हे मी केलं होतं, आणि ते आजही मला लागतं.

मोठ्या मॅडमना मी सांगितलं, की त्याला संख्या येत नाहीत, शंभरपर्यंत पुन्हा उजळणी घेऊ का? त्या म्हणाल्या, 'अगं, त्याला उजळणी पाठ आहे. त्यानं असं का लिहिलं ते तू विचारलंस का?'

मी विचारलं नव्हतं. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न असतात, त्यातले तीस बालमानसशास्त्राचे आणि अध्यापनशास्त्राचे. त्यांची तयारी मी वर्षभर करत होते. चुकांच्या विश्लेषणावर मला उत्तर पाठ होतं. पण समोर बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला 'तू हे कसं लिहिलंस?' असं विचारायचं सुचलं नाही.

त्या दिवशी खिचडी झाल्यावर त्याच्याजवळ जमिनीवर बसले. वही नाही, पाटी घेतली. म्हटलं, सत्तावीस लिही. त्यानं ७२ लिहिलं. मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, 'कसं लिहिलं रे, मला सांग.' तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही विसरले आहे.

'तुमीच त म्हनलं. सत्ता... वीस. पयले सात, मंग वीसचा दोन.'

मी गप्प बसले. मग एकोणतीस लिहायला सांगितलं. ३९.

'एकोण... तीस. तीस त हाय ना त्याच्यात. अन् एकोणीसमंदी नऊ येते, मंग ह्याच्यातबी नऊ.'

दोन्ही वेळा तो अगदी बरोबर विचार करत होता. त्यानं माझे शब्द माझ्यापेक्षा नीट ऐकले होते. आपण मराठीत सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. पस्तीस, अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट, सगळीकडे तोंड एकीकडून जातं आणि हात दुसरीकडून. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या डोक्यात सत्तावीस हे एकच चित्र झालेलं असतं. आणि 'एकोण' म्हणजे एक उणा, तीसमधून एक कमी, हे मी कुणाला शिकवलंच नव्हतं. खरं म्हणजे मी स्वतःच वीस वर्षांची होईपर्यंत त्या शब्दाकडे असं बघितलं नव्हतं.

हिंदी घरातल्या मुलांची यातून सुटका नव्हती. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या शहरात हिंदी घराघरांत आहे, मराठी शाळेतली मुलंही मैदानात हिंदीतच भांडतात. पण सत्ताईसमध्येही सात आधीच येतो आणि उनतीसमध्येही तीस दडलेला असतो. वर्गात एक मुलगी मात्र कधीच अंक उलटे लिहीत नव्हती. तिच्या घरी तेलुगू बोलतात. मी विचारलं, तर म्हणाली, 'आई इरवै एडु म्हणते.' इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. जसं ऐकायचं तसंच लिहायचं.

तेव्हा मला २०१९ सालचा तो वाद आठवला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असं वाचायची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडकतात हे त्या परोपरीनं सांगत होत्या. विषय विधानसभेत गेला. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरी जेवताना सगळे त्यावरून हसायचे, मीही हसायचे, मराठी भाषा बुडवायला निघाले म्हणून. आता खिडकीजवळच्या त्या मुलाची पाटी हातात घेऊन बसल्यावर त्या बाईंचं म्हणणं मला पहिल्यांदा कळलं. त्या २०२३ मध्ये गेल्या.

माझं मत विचाराल तर सत्तावीस हा शब्द टाकून देऊ नये. मुलाला बाजारात, बसमध्ये, आजीच्या तोंडून तोच ऐकायचा आहे. पण त्या शब्दापर्यंत पोचायला पूल लागतो, आणि 'वीस सात' हा चांगला पूल आहे. तो वापरायला लाजू नये.

मग मी माझा तक्ता भिंतीवरून काढला. पट्ट्या छान दिसत होत्या, पण निळी पट्टी दहाची आहे हे मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवून मानायचं होतं. त्याऐवजी आइसक्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे मुलांकडूनच बांधून घेतले. गठ्ठा स्वतः मोजून, रबर लावून बांधला की तो दहाचा आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. यात दोन दिवस गेले. दोन दिवस 'काही शिकवलं नाही' असं वाटून मी अस्वस्थ होते, मोठ्या मॅडम नव्हत्या.

एकोणतीस इथेच सुटलं. तीन गठ्ठे ठेवायचे, तीस. त्यातली एक काडी परत द्यायची. पण काडी काढायला गठ्ठा सोडावा लागतो. रबर निघालं, काड्या पसरल्या, एक माझ्या हातात आली, आणि समोर दोन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. एका मुलीनं ते मोजलं आणि ओरडली, 'मॅडम, तीस होतच नाई!' मी म्हटलं, म्हणूनच एकोणतीस. एक उणा तीस. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ त्यांनी स्वतः केले. प्रत्येक वेळी गठ्ठा सोडायची घाई.

अंकांच्या उलटेपणावरचा उपाय मात्र मला त्याच मुलाकडून मिळाला. त्याचे वडील संत्र्यांची गाडी लावतात. सुट्टीच्या दिवशी हा गाडीवर असतो, सुट्टे पैसे देतो. मी घरून दहाच्या नोटा आणि एक-एकची नाणी आणली आणि म्हटलं, मला सत्तावीस रुपये परत दे. क्षणभरही न थांबता त्यानं आधी दहाच्या दोन नोटा काढल्या, मग सात नाणी मोजली. तोंडानं म्हणत होता 'सत्तावीस', हात आधी वीस काढत होता. गाडीवर तो दर वेळी हा क्रम बरोबर लावतो. पाटीवर त्याला कुणी हाताचं ऐकायला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला. संख्या ऐकली की पेन्सिल खाली. आधी नोटा ठेवायच्या डावीकडे, मग नाणी उजवीकडे. मनात 'वीस सात' म्हणायचं, तोंडानं 'सत्तावीस' म्हणायचं, मग लिहायचं. पंधरा दिवसांनी नोटा काढून घेतल्या तर काही मुलं रिकाम्या हातानंच नोटा ठेवल्यासारखं करून लिहीत होती. मी त्यांना तसंच करू दिलं.

दोन मुलींनी वेगळीच वाट काढली होती. त्या सत्तावीस ऐकून आधी उजवीकडे सात लिहायच्या आणि मग डावीकडच्या जागेत दोन. उत्तर बरोबर, म्हणून मी आधी खूश झाले. मोठ्या मॅडम म्हणाल्या, 'त्यांना एकशे सत्तावीस लिहायला सांगून बघ.' बघितलं. एक लिहिला, जागा सोडली, सात लिहिला, मग मधे दोन. एकीला जागा पुरली, दुसरीचा दोन सातावर चढला. बरोबर उत्तराकडेही थांबून बघावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं. त्या दोघींना मी पुन्हा नोटांवर आणलं.

या सगळ्यात माझ्या बोलण्याचाही प्रश्न होता. टाचणात सगळी वाक्यं प्रमाण मराठीत, 'मुलांनो, निरीक्षण करा' अशी. मुलं उत्तर द्यायची दोन शब्दांत. एकदा न ठरवता तोंडून निघालं, 'काऊन रे, काय करून राहिला?' आणि समोरून पूर्ण वाक्यं यायला लागली. मीही नागपूरचीच, घरी असंच बोलते. एका पाठाच्या शेऱ्यात 'प्रमाणभाषेचा आग्रह धरावा' असं आलं. तो शेरा मी मानला तो इतकाच, की फळ्यावर लिहिताना प्रमाण मराठी. मुलाला त्याचा विचार सांगायचा असेल तर तो त्याच्या बोलीतच आधी येणार, आणि मला तो विचार हवा होता.

पोळ्याच्या सुमारास हजेरी कमी झाली. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल दप्तरात घालून घेऊन आली, कुणाचा हाताएवढा, कुणाचा चाकांवरचा, झूल घातलेला. त्या दिवशीचं टाचण बाजूला ठेवलं आणि बैलांचे पाय मोजले. चार-चारनं मोजत एकोणचाळीसवर एक गट अडला, कारण एका बैलाचा पाय मोडला होता. मला त्याहून चांगलं उदाहरण सुचलं नसतं.

खिडकीजवळच्या मुलाची वही पाचव्या दिवशी बाहेर आली होती. फुल्यांच्या त्या पानावर मी त्याला विचारून नवा कागद चिकटवला. तेव्हापासून लाल पेनानं फुली मारत नाही. चुकलेल्या संख्येखाली टिंब देते आणि शेजारी जाऊन विचारते, कसं लिहिलं.

आंतरवासितेच्या शेवटच्या दिवशी आम्ही फरशीवर रंगवलेल्या अंकांवरून चालत शंभरपर्यंत गेलो. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, मुलं जोरात म्हणत होती. शंभराच्या आदल्या घरावर उभं राहून सगळे 'नव्व्याण्णव' म्हणाले. तो एकटा बोलला नाही. थोडा वेळ फरशीकडे बघत राहिला.

'मॅडम, एकोणशंभर काऊन नाई म्हनत?'

मी म्हटलं, 'मला नाही माहीत रे. पण तुझं बरोबर आहे, म्हणायला हवं.'

त्यानं पाटी घेतली, ९९ लिहिलं आणि त्याखाली 'एकोणशंभर'. पाटी वर धरून वर्गभर दाखवत फिरला. मोठ्या मॅडमनी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली, म्हणजे संध्याकाळी झाडणाऱ्या मावशी तो पुसणार नाहीत.