बी पेरलंय? मग पाइप बाजूला ठेव

नागपुरात लॉन करायचं म्हणजे नर्सरीतून गवताच्या गुंडाळ्या आणायच्या आणि अंथरायच्या. इथे ओहायोत बरेच जण बी पेरतात. ऑगस्ट संपत आला की दुकानांत बियांची पोती रचलेली असतात. ऊन उतरलेलं, माती अजून कोमट, तणही कमी. इथल्या थंडीतल्या गवताला हेच दिवस मानवतात.

नागपूरजवळच्या बेसाच्या घरापुढची जागा हिरवी करायचं दादाच्या डोक्यात आहे. फोनवर म्हणाला, "बी टाकलं अन् पाइपानं पाणी सोडलं, तर काय बिघडते?"

सगळंच बिघडते, दादा. हे बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर मातीखाली असतं. धार सोडली की वाहत जाऊन कोपऱ्यात जमतं. तिथे जंगल, बाकी टक्कल. पण पाणी कमी पडलं तर त्याहून वाईट. बी एकदा फुगून मूळ बाहेर आलं आणि वरची माती वाळली, की कोंब मेलाच. मागाहून कितीही ओता. म्हणून आई अंगणात सडा टाकायची तेवढंच पाणी, पण दिवसातून दोन-तीनदा. बोट टोचून बघायचं: वरची माती ओलसर हवी, डबकं नको. रात्री पाणी देऊ नये, बुरशी धरते.

किती दिवस? ते जातीवर. राय गवत 5 ते 10 दिवसांत वर येतं, केंटकी ब्लूग्रासला 2 ते 4 आठवडे लागतात. पाकिटात बहुधा दोन्ही मिसळलेली. राय हिरवं दिसलं की लोक खूश होऊन पाणी तोडतात आणि ब्लूग्रास मातीतच संपतं.

गवत धरलं की रीत उलटी: पाणी कमी वेळा, पण खोलवर, म्हणजे मुळं खाली उतरतात. आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. फवाऱ्याखाली रिकामा डबा ठेवला की मोजता येतं.

इथलं बी मात्र मी दादाला पाठवणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात ब्लूग्रास टिकणं कठीण. तिकडे हरळीच खरी. शिवाय आपली काळी माती पाणी सावकाश पिते, वाळली की भेगाळते आणि बी गिळते. वर बारीक शेणखताचा पातळ थर हवा. जुलैच्या धो-धो पावसात पेरू नये आणि मेमध्ये तर नाहीच. पेंच धरणातून नळाला येणारं पाणी दिवसातून तीनदा गवतावर शिंपडायचं म्हटलं तर शेजारीच भांडायला येतील.

हरळी म्हणताच मागून काटोलच्या वहिनीचा आवाज, "अवो बाई, संत्र्याच्या बागेतून आम्ही तिले मजुरी देऊन उपटतो. पोतंभर आणू काय?"

आण म्हटलं. कांड्या लावल्या तरी लॉन होतंच, आणि त्या पाण्यासोबत सहसा वाहूनही जात नाहीत.