दिवाडी: मांडवी ओलांडून टीव्हीच्या तारेमागे

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाची फेरीबोट मिळते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि नदी काही मिनिटांत पार होते. मी गेलो तो घरोघरी स्थानिक चॅनेल कसं पोचतं ते बघायला. धक्क्यावरून बेटावरच्या पिएदाद गावाकडे निघालात की खाजनशेतांतल्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतल्या) खांबांवर नजर ठेवा.

नदी आडवी आहे म्हणून चित्र अडत असेल, असं वाटतं. पण सिग्नल प्रकाशाच्या रूपात नेणाऱ्या फायबरमध्ये किलोमीटरमागे जेमतेम पाव डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं एकक) जातो. खरा खर्च शेवटच्या टप्प्यात होतो. नोडच्या, म्हणजे फायबर संपतो तिथल्या पेटीत प्रकाशाचा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा विजेचा) सिग्नल होतो आणि तिथून कोॲक्स, म्हणजे मधली तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल सुरू. घरात येणारी आरजी-6 जातीची कोॲक्स वरच्या फ्रिक्वेन्सीला 100 मीटरमागे 18 ते 20 डीबी खाते, जाडी आरजी-11 साधारण 12. म्हणून लांब ओढीला आरजी-11 च हवी. सेट-टॉप बॉक्सवर 45 ते 65 डीबीमायक्रोव्होल्ट (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) मिळाले पाहिजेत. दुसऱ्या खोलीसाठी स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांनी वाटणारी डबी) लावला की त्यातले आणखी चारेक डीबी गेलेच.

एका खांबावरचा एफ-कनेक्टर (कोॲक्सच्या टोकाचा आट्यांचा जोड) उघडलेला पाहिला. मधल्या तारेवर हिरवा थर, जाळी काळी पडलेली, वरून विजेची काळी टेप गुंडाळलेली. ही टेप पाणी अडवत नाही, उलट आत कोंडून ठेवते. अशा वेळी जाळी पुन्हा चकचकीत दिसेपर्यंत केबल कापावी, कॉम्प्रेशन कनेक्टर (हत्याराने दाबून घट्ट बसवायचा जोड) बसवावा आणि त्यावर ताणली की स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळावी. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

बिघाड ओळखायची खूणही पक्की आहे. मधल्या तारेचा संपर्क सुटला तर खालच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेल आधी जातात. केबलमध्ये पाणी शिरलं तर वरची. सगळीच गेली तर वीज बघा. नोड आणि ॲम्प्लिफायरला खांबावरच्या सप्लायमधून त्याच केबलने 60 व्होल्ट एसी जातो. तो बंद पडला की घरात इन्व्हर्टर असूनही पडदा कोराच राहतो. जुन्या ॲनालॉगमध्ये आधी मुंग्या दिसायच्या, आगाऊ सूचना मिळायची. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं, मग चौकोन फुटतात आणि लगेच अंधार. मीटर लावल्याशिवाय जेमतेम तग धरून असलेली केबल कळतच नाही.

बोंदेरां, हा दिवाडीचा झेंड्यांच्या मिरवणुकीचा उत्सव, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, म्हणजे ऐन पावसात. त्या दिवशी बेटावरच्या म्हाताऱ्यांना मिरवणूक घरबसल्या दिसायची असेल, तर खांबावरचे सांधे मेमध्येच उघडून बघायला हवेत.