एका पाळीत दोन प्लांट, इन्चार्ज एकच

रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होते, तेव्हाची ही गोष्ट. नवे कामगार कायदे यायचे होते. पावसाळ्याच्या तोंडावर वरून सर्क्युलर आलं आणि सोबत नव्या रचनेचा तक्ता. आधी दोन प्लांटना प्रत्येक पाळीत एकेक शिफ्ट इन्चार्ज असे. आता दोन्ही प्लांट मिळून एकच. प्रत्येक प्लांटचे स्वतःचे फिटर होते, ते सेंट्रल मेन्टेनन्सकडे गेले. हँडओव्हरची वही बंद झाली, सगळं कॉम्प्युटरवर भरायचं ठरलं.

बदलामागची कारणं खरी होती, हे आधी सांगते. एका पंपाचं सील मागवायला पाच सह्या लागत आणि तोवर प्लांट उभा. एका प्लांटच्या स्टोअरमध्ये गॅस्केट पडून असत आणि दुसरा प्लांट तीच बाहेरून विकत घेई. नव्या रचनेत हे प्रकार थांबले.

ऑपरेटर लोकांना धक्का लागला नाही, कारण औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ. एखाद्या विभागातली किंवा पाळीतली माणसं कमी करायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. युनियन बोलणीला बसली आणि ऑपरेटरांची संख्या शाबूत राहिली. शिफ्ट इन्चार्जना हा आधार नव्हता. देखरेखीचं काम आणि महिन्याला १०,००० रुपयांच्या वर पगार, म्हणजे त्या कायद्याच्या लेखी ते कामगारच नव्हेत. आणि मॅनेजमेंटच्या मीटिंगला त्यांना कुणी बोलवत नाही. जागा जास्तीच्या ठरल्या त्या त्यांच्या.

त्यात काका होते. अख्खी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. हेल्पर म्हणून लागले आणि शिफ्ट इन्चार्जपर्यंत चढले. त्यांना ॲडमिन बिल्डिंगमध्ये ट्रेनिंग विभागात बसवलं. पगार तोच, पण प्लांटवर जायचं काही काम उरलं नाही.

एक दिवस सेकंड शिफ्टला चार नंबरचा रिॲक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ती मोठी बंद टाकी, आतून साफ करायचा होता. वेसल एंट्रीचं परमिट, म्हणजे आत माणूस उतरवायची लेखी परवानगी, माझ्याकडे सहीला आलं. शिफ्ट इन्चार्ज दुसऱ्या प्लांटवर अडकला होता. तिथे बॅचचं तापमान चढत होतं आणि त्याला तिथून हलताच येत नव्हतं. त्याने फोनवरून सांगितलं आणि नव्या इंजिनिअर मुलाने परमिट भरलं. सेंट्रलकडून आलेला फिटर त्या प्लांटवर पहिल्यांदाच आला होता. त्याने यादीत होते तेवढे व्हॉल्व्ह बंद केले, सॉल्व्हंटच्या लाइनींना ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणाऱ्या चकत्या, टाकले. ज्याने त्याने आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं.

मॅनहोलपाशी ठेकेदाराचा हेल्पर हार्नेस बांधून तयार उभा. तोंडाशी घेतलेलं ऑक्सिजनचं रीडिंग परमिटवर होतं, २०.८. मी वरती, मध्ये आणि तळाशी अशी तीन रीडिंग घेतल्याशिवाय सही करत नाही. मीटरची नळी खाली सोडली. मध्यावर आकडा १८ च्या खाली आला, तळाशी १५. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, आणि १९.५ च्या खाली माणूस उतरवायचा नाही हा नियम. आत नायट्रोजन येत होता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि त्यात गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणसाला काही कळायच्या आत तो खाली पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. आमच्या धंद्यात अशी दुहेरी, तिहेरी मरणं नवी नाहीत.

परमिट रद्द केलं, हेल्परला हार्नेस सोडायला लावला आणि काकांना फोन केला. ते घरी निघाले होते, गेटवरून परत आले. रिॲक्टरकडे बघूनच म्हणाले, "मॅडम, चारच्या नायट्रोजनचा व्हॉल्व्ह पास होतो, बंद केला तरी आतून गळतो. हेडर, म्हणजे मेन पाइप, बदलला तेव्हापासून. मी तिथे ब्लाइंड टाकल्याशिवाय कधी कुणाला उतरवलं नाही."

"हे लिहिलंय कुठे?"

"माझ्या वहीत. ती वही तर बंद केली ना. आणि चार्ज घ्यायला माझ्याकडे कुणी आलंच नाही."

जागाच रद्द, मग चार्ज घेणार कोण?

दुसऱ्या दिवशी मी प्लांट हेडसमोर जुना आणि नवा असे दोन्ही तक्ते ठेवले. आमच्याकडे गॅस्केटचं मटेरियल बदलायचं तरी 'मॅनेजमेंट ऑफ चेंज'चा फॉर्म भरावा लागे, चार विभागांच्या सह्या लागत, धोके लिहून काढावे लागत. पाळीतला माणूस काढायला एक ईमेल पुरला होता. मी भोपाळची आठवण दिली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, त्याच्या काही दिवस आधी तिथली दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतली मेन्टेनन्स सुपरवायझरची जागा रद्द झाली होती. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला १ जून १९७४ ला स्फोट होऊन २८ माणसं गेली. तिथला वर्क्स इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता, जागा भरलेली नव्हती, आणि तशातच एका रिॲक्टरला वगळून तात्पुरता पाइप जोडला होता. दोन्हीकडे कारणं बरीच होती, पण रिकाम्या जागा त्यांत होत्याच. प्लांट हेड बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काय हवंय ते सांगा."

मी एकच मागितलं. ज्यांच्या जागा गेल्या त्या प्रत्येकाने पाळीत आपण काय काय करतो ते लिहून द्यावं. त्यांच्या जॉब डिस्क्रिप्शनमधलं नको, प्रत्यक्षातलं.

ते कागद मी अजून जपून ठेवलेत. कुणी लिहिलं होतं, जोराचा पाऊस लागला की कूलिंग टॉवरचा दोन नंबर पंप ट्रिप होतो, म्हणून स्टँडबाय आधीच चालू करून ठेवतो. कुणी लिहिलं, टाकी धुवायची असेल तर शेजारच्या कंपनीच्या गेटवर आधी सांगून येतो, नाहीतर वास आला की तिथले लोक घाबरतात. काकांनी लिहिलं होतं, 'वेसलमध्ये उतरणाऱ्या पोराला जेवलास का, रात्री झोपलास का, हे विचारतो. नाही म्हणाला तर त्या दिवशी उतरवत नाही.' हे काम नव्या तक्त्यात कुणाकडेच नव्हतं, कारण जुन्या तक्त्यातही ते लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी नवी रचना आखली त्यांनी पगार आणि पदं मोजली. प्लांटवर एक आख्खी पाळी उभं राहून कुणी पाहिलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

त्या यादीतलं एकेक काम कुणाकडे जाणार, हे नाव घालून ठरवलं. जी कामं कुणाच्याच वाट्याला देता येईनात, त्यांवरूनच सिद्ध झालं की एका माणसाला दोन प्लांट झेपत नाहीत. सेकंड शिफ्टला दुसरा इन्चार्ज परत आला. काकांना पाळी मिळाली नाही, पण वेसल एंट्रीच्या प्रत्येक परमिटवर त्यांची सही लागू केली, आणि नव्या इन्चार्जना ते रिॲक्टर रिॲक्टर फिरवून शिकवायला लागले. चार नंबरचा व्हॉल्व्ह बदलला, ड्रॉइंग दुरुस्त झालं. रचनेत काहीही बदलायचं तर आता तोच मॅनेजमेंट ऑफ चेंजचा फॉर्म भरावा लागतो, आणि जागा सोडणाऱ्या माणसाची यादी त्याला जोडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पुढे दोन्ही स्टोअर एकत्र केली तेव्हा स्टोअरकीपरचीच यादी चार पानांची निघाली.

नाईट शिफ्टचा दुसरा इन्चार्ज मात्र मंजूर झाला नाही. मी कंपनी सोडेपर्यंत सेफ्टी कमिटीच्या प्रत्येक बैठकीत तो विषय पहिला घेत होते. आता कामगारांचे प्रतिनिधी घेतात.